मुलाला शब्द येतो, म्हणजे नेमके काय येते?



"पोराला शब्दच येत न्हाईत, मग धडा कुठला कळणार?" हे वाक्य शाळेच्या व्हरांड्यातही ऐकू येते आणि पालकसभेतही. तक्रार खरी असते, पण ती अर्धी असते. शब्द येत नाही म्हणजे काय येत नाही? कानाला ओळखू येत नाही? फळ्यावर लिहिलेला वाचता येत नाही? वाचला तर अर्थ लागत नाही? की अर्थ मनात आहे, पण तोंडातून बाहेर पडत नाही? हे चार वेगळे आजार आहेत, आणि चारींवर एकच औषध चालत नाही. म्हणून आज आपण शब्दज्ञानाची ही निरनिराळी अंगे कोणती, त्यांचा एकमेकांशी संबंध काय, आणि कोल्हापूरकडच्या मुलांच्या बाबतीत त्यातून काय शिकायचे, याचा विचार करू.

आधी एक साधे उदाहरण घेऊ. 'रवा' हा शब्द घ्या. पेठेतल्या मुलाला रवा म्हटले की शिरा आठवतो. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातल्या गुऱ्हाळावर वाढलेल्या मुलाला रवा म्हटले की गुळाची ढेप डोळ्यांपुढे येते. 'तालीम' म्हटले की आपल्याकडचा मुलगा लाल माती, हौदा आणि वस्ताद यांचा विचार करतो; पुस्तकात मात्र नाटकाची तालीम चाललेली असते. 'घात' हा शब्द तर पाहण्यासारखा आहे. शेतकरी म्हणतो, "जमिनीला घात आली, आता पेरणी उरकू या." मराठीच्या धड्यात विश्वासघात असतो. आणि गणिताच्या तासाला दोनाचा तिसरा घात आठ असतो. आता सांगा, ज्या मुलाला यातला एकच अर्थ ठाऊक आहे, त्याला 'घात' हा शब्द येतो म्हणायचा की येत नाही म्हणायचा?

उत्तर असे, की शब्द येणे ही दिव्याच्या बटणासारखी गोष्ट नाही. आत्ता अंधार, आत्ता उजेड, असे होत नाही. अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ एडगर डेल यांनी 1965 साली याच्या चार पायऱ्या सांगितल्या. पहिली, शब्द कधी ऐकलेलाच नाही. दुसरी, ऐकला आहे पण अर्थ ठाऊक नाही. तिसरी, वाक्यात आला तर अंदाजाने समजतो. आणि चौथी, शब्द पक्का माहीत आहे. आपल्या वर्गातली मुले बहुतेक शब्दांच्या बाबतीत मधल्या दोन पायऱ्यांवर उभी असतात. परीक्षेत मात्र आपण त्यांना पहिल्या किंवा चौथ्या पायरीवर बसवून मोकळे होतो.

शब्द मुलाच्या मनात येतो तोही असाच हळूहळू. सुसान केरी आणि एल्सा बार्टलेट या दोन संशोधिकांनी 1978 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. तीन-चार वर्षांच्या मुलांना खेळता खेळता एका अनोळखी रंगाचे नाव सहज एकदा ऐकवले. 'ती तांबडी नव्हे, ही दुसरी थाळी आण' अशा धर्तीवर. काही दिवसांनी पाहिले तर कित्येक मुलांच्या मनात त्या शब्दाची काही तरी खूण राहिली होती. अर्थ पक्का नव्हता, पण हे एका रंगाचे नाव आहे एवढे कळले होते. म्हणजे एकदा ऐकल्याने बी पडते. पण पीक यायचे तर पुन्हा पुन्हा पाणी द्यावे लागते.

आता शब्दज्ञानाची अंगे पाहू. त्यांच्या दोन जोड्या करता येतात, आणि एक अंग वेगळे राहते.

पहिली जोडी समजण्याची आणि वापरण्याची. मूल वर्षाचे होईपर्यंत एखादा-दुसरा शब्द बोलते, पण त्याच्या आधीच "दिवा कुठाय?" म्हटले की दिव्याकडे बघते. समज पुढे आणि वाचा मागे, हा क्रम पुढेही सुटत नाही. मोठ्या माणसाचेही तसेच. कीर्तनकाराचे सगळे शब्द आपल्याला कळतात. पण त्यातले किती आपण बाजारात वापरतो? म्हणून जे मूल वर्गात बोलत नाही, त्याला कळत नाही असे धरून चालू नये.

दुसरी जोडी विस्ताराची आणि खोलीची. किती शब्द येतात हा विस्तार, आणि प्रत्येक शब्द किती आतवर कळला आहे ही खोली. विहिरीचा घेर आणि विहिरीचे पाणी, तसे. 'ऊस' हा शब्द चित्र पाहून ओळखणारे मूल शहरातही सापडेल. पण लागण कोणती, खोडवा कोणता, चिपाड कशाला म्हणतात, काहिलीतला रस आणि पाक यांत फरक काय, गुळव्या कशावर नजर ठेवतो, हे सांगणाऱ्या मुलाच्या मनात 'ऊस' या एका शब्दाभोवती पंचवीस शब्दांचे गोत जमलेले असते. खोली म्हणतात ती ही.

आणि वेगळे राहते ते अंग म्हणजे शब्द झटकन आठवण्याचे. भेंड्या लावताना 'म' आला की धडाधड शब्द सुचतात ते हे कसब. एखाद्याला वाटेल, ज्याला पुष्कळ शब्द येतात त्याला ते झटपट सुचणारच. पण तसे सरसकट होत नाही. शिकागोचे मानसशास्त्रज्ञ एल. एल. थर्स्टन यांनी 1938 साली तरुण विद्यार्थ्यांच्या, आणि 1941 साली आठवीतल्या मुलांच्या अनेक चाचण्या तपासून दाखवले, की शब्दांचा अर्थ समजण्याची शक्ती आणि शब्द भराभर आठवण्याची शक्ती या बऱ्याच अंशी वेगवेगळ्या आहेत. एखादा मुलगा भेंड्यांत पुढे आणि धड्याच्या अर्थात मागे असू शकतो, आणि याच्या उलटही घडते.

ही गोष्ट आपल्याकडेही जुनी आहे. फ्रान्समधील बिने आणि सिमाँ यांनी मुलांची बुद्धी मापण्याच्या कसोट्या 1905 पासून तयार केल्या. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडकडे काम करून त्या कसोट्या कानडी आणि मराठी मुलांसाठी बसवल्या. त्यावरचे त्यांचे पुस्तक 1940 साली निघाले. बिने यांच्या मूळ कसोट्यांत शब्दांविषयी दोन वेगळ्या तऱ्हेचे प्रश्न होते. एक, तीन मिनिटांत जितके सुचतील तितके शब्द सांग. दुसरा, अमुक वस्तू म्हणजे काय ते सांग. या दुसऱ्या प्रश्नात एक मौज आहे. सहा वर्षांच्या मुलाला विचारले, "खुर्ची म्हणजे काय?" तर ते म्हणते, "बसायची." उपयोग सांगते. नऊच्या सुमारास मूल म्हणू लागते, "लाकडाची एक वस्तू, बसायला करतात." म्हणजे आधी उपयोग, मग जात आणि गुण. शब्दाची खोली वयाबरोबर अशी वाढत जाते. तेव्हा दुसरीतल्या मुलाने "नांगर म्हणजे नांगरायचा" असे सांगितले, तर ते चूक नव्हे. ते त्याच्या वयाचे बरोबर उत्तर आहे.

मग या अंगांचा एकमेकांशी संबंध काय? साधारणपणे ती जोडीने चालतात. ज्याचा विस्तार मोठा, त्याची खोलीही बरी असते. ज्याला समजते पुष्कळ, तो वापरतोही पुष्कळ. शब्दांचे असे आहे की एक शब्द दुसऱ्याला हात देतो. 'पाणी' पक्के ठाऊक असले की पाणवठा, पाणथळ, पाणलोट, पाणबुडी हे शब्द अर्धे आपोआप कळतात. पण जोडीने चालतात म्हणजे एकच आहेत असे नाही. बैलजोडीतले दोन बैल एका जुवाखाली असतात. तरी एखाद्या वेळी एकाचाच पाय दुखत असतो, आणि कोणाचा ते बघूनच औषध करावे लागते.

याशिवाय शाळेत एक अंग नव्याने जोडले जाते, ते म्हणजे वाचन. चौथीपर्यंत मूल मुख्यतः वाचायला शिकते. पुढे वाचून शिकते. ज्याला शब्द पुष्कळ येतात त्याला वाचलेले कळते, गोडी लागते, म्हणून तो अधिक वाचतो आणि त्याचे शब्द आणखी वाढतात. ज्याला येत नाहीत तो पुस्तक टाळतो, आणि मागे पडत जातो. पैशाकडे पैसा जातो म्हणतात, तसे शब्दाकडे शब्द जातात. कीथ स्टॅनोविच यांनी 1986 साली वाचनाच्या बाबतीत ही गोष्ट सविस्तर मांडली. म्हणून पहिली-दुसरीत दिसणारे लहानसे अंतर सातवी-आठवीत मोठे होते. शाळा सुटण्याचे एक कारण या अंतरात असते.

आता आपल्या भागाकडे वळू. करवीर संस्थानात राजर्षी शाहू छत्रपतींनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्या निर्णयाने शेतकऱ्याचे, बलुतेदाराचे, मजुराचे मूल शाळेच्या दारात आले. पण दारात आलेल्या मुलाबरोबर त्याची बोलीही आली, आणि तिचे काय करायचे हा प्रश्न आजही आपल्यापुढे आहे.

कोल्हापूरकडचे मूल शाळेत येते ते रिकाम्या हाताने येत नाही. शिवार, बांध, सरी, वाफा, वैरण, वेसण, वाफसा. चुलवाण, काहील, मळी. चपलेचा पट्टा, कान आणि अंगठा. कुस्तीचा शड्डू आणि खुराक. असे शेकडो शब्द त्याच्याजवळ असतात, आणि ते खोलवर असतात. पण पुस्तक विचारते 'आर्द्रता' म्हणजे काय. मूल गप्प. खरे तर पेरणीआधी मातीची मूठ दाबून वाफसा आला का ते पाहणारा बाप त्याने पाहिलेला आहे. कल्पना त्याच्याजवळ आहे, नाव नाही. अशा मुलाला नवी कल्पना शिकवायची नसते. जुन्या कल्पनेला दुसरे नाव द्यायचे असते, आणि मग दोन्हींतला बारीक फरक सांगायचा असतो. हे काम पाच मिनिटांचे आहे. पण "हे गावंढळ बोलू नको" असे म्हटले, की ते पाच मिनिटांचे काम पाच वर्षांचे होऊन बसते. आमच्याकडची मुलगीही "मी आलो, मी गेलो" म्हणते. तिने एक चांगला नवा शब्द वापरला आणि आपण तिचे 'आलो' तेवढे दुरुस्त करत बसलो, तर दुसऱ्या दिवशी ती तोंडच उघडणार नाही.

मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी सातारा जिल्ह्यातील फलटण गावच्या बोलण्यातील भेदांचा अभ्यास केला, आणि तिथेच राहून 1978 साली प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. मुलाच्या घरच्या भाषेचा मान ठेवून, तिच्यावरून प्रमाण भाषेकडे आणि वाचनाकडे जायचे, ही त्यांच्या कामाची दिशा. पालघर जिल्ह्यातील वाडा तालुक्यात मराठी शाळांचा आणि कर्नाटकातील यादगीर जिल्ह्यात कानडी शाळांचा तीन वर्षे अभ्यास झाला. त्याचा अहवाल 2017 साली निघाला. त्यातही दिसले, की शिकवण्याचा बराच भर अक्षरे गिरवण्यावर जातो आणि अर्थाविषयी मुलांशी बोलणे फार थोडे होते.

गडहिंग्लज, शिरोळकडे कित्येक घरांत कानडी बोलतात. गळिताच्या हंगामात ऊसतोडणी कामगारांची मुले मराठवाड्यातून येतात, त्यांचे शब्द आणखी निराळे. दोन भाषांत वाढणाऱ्या मुलाचे एकाच भाषेतले शब्द मोजले तर ते कमी भरतात. दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर चित्र बदलते. तेव्हा अशा मुलाला मागासलेले ठरवण्याआधी दोन्ही पारडी बघावीत.

गुरुजी म्हणतील, हे सारे ठीक, पण चाळीस मुलांच्या वर्गात करायचे काय? एक सोपी कसोटी सांगतो; तिला पैसा लागत नाही. येत्या धड्यातले दहा शब्द काढा. मुलांना चार-चार करून जवळ बोलवा, आणि प्रत्येक शब्दासाठी पाच गोष्टी पाहा. एक, मी शब्द बोललो तर मूल चित्र किंवा वस्तू दाखवते का? दोन, लिहिलेला शब्द वाचते का? तीन, आपल्या भाषेत, बोलीत का होईना, अर्थ सांगते का? चार, सारखा किंवा उलट शब्द, किंवा त्याच गोतातले दोन शब्द सांगते का? पाच, स्वतःच्या वाक्यात वापरते का? वहीत पाच रकाने आखा आणि फक्त होय-नाही लिहा.

आता हे रकाने वाचायचे कसे ते बघा. समजा, एका मुलाचा पहिला आणि तिसरा रकाना भरलेला आहे, पण दुसरा रिकामा. त्याला शब्द येतात, अक्षरे येत नाहीत. त्याला अर्थ सांगत बसू नका; वाचनाचा सराव द्या. दुसरी मुलगी फाडफाड वाचते, पण तिसरा रकाना रिकामा. तिचे वाचन ऐकून आपण खूष होतो आणि फसतो. तिला अर्थ हवा आहे. तिसऱ्या मुलाचे पहिले तीन रकाने भरलेले, चौथा आणि पाचवा कोरा. त्याला नवे शब्द देऊ नका. आहेत तेच शब्द खेळवा, बोलायला लावा. तिघांनाही परीक्षेत दहापैकी चार गुण मिळाले असतील. आकडा एक, पण रोग तीन.

पाचव्या रकान्याबद्दल एक सावधगिरी. 'वाक्यात उपयोग करा' म्हटले की मुले हुशारी करतात. 'कृतज्ञता' दिला की लिहितात, "मला कृतज्ञता आवडते." वाक्य शुद्ध आहे, पण त्यात कृतज्ञतेच्या जागी आंबा घातला तरी चालते. ज्या वाक्यात दुसरा कुठलाही शब्द बसतो, त्या वाक्यावरून शब्द कळल्याचे सिद्ध होत नाही. "पुरात ज्यांनी आम्हाला होडीतून बाहेर काढलं, त्यांच्याविषयी आजीच्या मनात कृतज्ञता आहे," असे वाक्य आले तर समजावे, शब्द मुरला. म्हणून 'का?' आणि 'कधी?' विचारून वाक्य वाढवून घ्यावे.

आणखी एक कसोटी गमतीची आहे. जीन बर्को यांनी 1958 साली इंग्रजी मुलांना मनाने बनवलेले शब्द देऊन अनेकवचने विचारली. आपणही करून पाहू. एका वेड्यावाकड्या प्राण्याचे चित्र काढा आणि सांगा, "हा एक लुमा." मग दोन काढा आणि विचारा, "हे दोन काय?" मूल म्हणेल, "लुमे." "चिमणी कशावर बसली?" "लुम्यावर." हा शब्द कुठल्याच पुस्तकात नाही, पाठ केलेला असणे शक्यच नाही. म्हणजे शब्द घडवण्याचे नियम मुलाच्या अंगात आहेत. हीच शक्ती पुढे कामी आणायची. 'बिन' लावून बिनपगारी, बिनविरोध. 'करी' लावून शेतकरी, वारकरी, गावकरी. अशी एक किल्ली दिली की दहा कुलुपे उघडतात. पाठांतराच्या यादीपेक्षा ही किल्ली स्वस्त पडते.

मायबहिणींनो आणि शेतकरी बंधूंनो, "आम्ही अडाणी, आम्ही काय शिकवणार?" असे म्हणू नका. शब्दांची खोली शाळेपेक्षा तुमच्याजवळ अधिक आहे. पोराला रानात नेले तर नुसते "ते आण, हे धर" न म्हणता वस्तूचे नाव घ्या. "ते" म्हटल्याने काम होते, पण शब्द बुडतो. काम करताना का आणि कसे ते सांगा. रात्री जेवताना दिवसभरात काय झाले ते त्याला सलग सांगू द्या. मध्ये तोडू नका. आपले जुने खेळही यासाठीच आहेत, फक्त कोणता खेळ कोणते अंग वाढवतो ते ध्यानात ठेवा. भेंड्यांनी शब्द झटकन आठवतात, पण अर्थ वाढत नाही. कोड्यांनी आणि उखाण्यांनी अर्थाची खोली वाढते, कारण कोड्यात वस्तूचे नाव लपवून तिचे गुण सांगितलेले असतात. गोष्टीने अनोळखी शब्दाचा अंदाज बांधण्याची सवय लागते. तिन्ही खेळवावेत, एकावर थांबू नये.

शिक्षकमित्रांना शेवटी तीन गोष्टी सुचवतो. फळ्याच्या एका कडेला रोज दोन रकाने ठेवा: घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द. मुलांनी घरचा आणायचा, तुम्ही पुस्तकातला द्यायचा. नवा शब्द शिकवला की तो त्याच दिवशी, दोन दिवसांनी आणि पंधरवड्याने पुन्हा बोलण्यात आणा. एका पाळीत शेत तयार होत नाही. आणि धड्यातले सगळे कठीण शब्द शिकवण्याचा हट्ट धरू नका. पुढे दहा ठिकाणी भेटतील असे चार निवडा आणि ते चारही अंगांनी पक्के करा: ऐकून, वाचून, बोलून आणि लिहून.

एखाद्या मुलाला 'ढ' म्हणणे सोपे असते. तो शब्द मात्र मूल एकदाच ऐकून जन्मभर विसरत नाही. त्याऐवजी येत्या सोमवारी दहा शब्द आणि पाच रकाने घेऊन बसा. ज्याला आपण काहीच येत नाही असे समजत होतो, त्याच्या नावापुढे किती होकार पडतात ते बघा, आणि पहिला नकार जिथे दिसेल तिथून शिकवायला सुरुवात करा.